मस्टर

दिवाळीच्या पाठोपाठ श्रावणच्या कंबरेत लचक भरली,
जिनिंगचा सीझन ऐन भरात,
अन् रेच्यावरची जागा एकदा गेली
तं पुढच्या कापसालेच भेटते,
म्हणून मंगळवारपासून चार दिवस
मी उभी राह्यली त्याच्या जागी.

हजेरीवाल्या दीपकनं मान वर केलीच नाही.
"श्रावण मडावी?"
मी म्हटलं, "हव."

टोपलं तेच. रेच्याचा खडखडाट तोच.
भुरका नाकात जाते तो
बाई पाहून कमी जात नाही.
दुपारच्या भोंग्याले सोडलेली भाकरही
माझ्याच हातची.
मस्टरवर फक्त नाव गड्याचं
अन् नावापुढे साडेचारशे.

पल्याड पटांगणात, उन्हात,
आमच्या बाया ढिगावर बसून
कवडी वेचत होत्या, दोनशे ऐंशीच्या.
रेणका खदखदली,
"काय वं पंचफुला, आता तुले भाऊ म्हणू का?"
"म्हण न," मी म्हटलं, "चुकारा होयेपर्यंत."

संध्याकाळी केस पांढरे धोप घेऊन घरी आली
तं सासू दारातून,
"चूल थंडी हाय, बकरी बोंबलून राह्यली."
श्रावण खाटेवर कंबर शेकत.
पाणी, भाकरी, भांडे, बकरी,
तिथं मात्र
मी माझ्याच नावानं हजर होती.

चार दिवस सासूचे, चार सुनेचे म्हणतात.
हे चार कोणाचे, ते काही समजलं नाही.

शनिवारी मुनीम म्हणे,
"नाव श्रावणचं, सही त्याचीच लागन. त्याले पाठव."
तो आला काठी टेकत.
अठराशे. थुंकी लावून दोनदा मोजले.
दोनशे माझ्या हातावर ठेवले,
"घे, बांगड्या भरजो."
चांगल्या मनानं म्हणाला.
मानूस वाईट नाही तो.
वाईट असता तं सांगाले सोपं गेलं असतं.

सोमवारी परत कवडीच्या ढिगावर.
"पंचफुला मडावी?"
यावेळी दीपकनं वर पाह्यलं,
पायापासून डोक्यापर्यंत.
"हव."

रेणका बाजूले सरकली, जागा करून देत म्हणे,
"गेला का वं तो भाऊ?"
बाया हसल्या.
मीही हसली थोडीशी,
मंग पदर नाकाले घट्ट बांधला
अन् पहिलं बोंड फोडलं.