पाचवा ई

गुरुवारी फार्मसीचं शटर ओढलं
की मी मेडोलार्कच्या शिडीवर चढते.
नेब्रास्कातलं गाव, वस्ती एकोणीसशे,
एकच सिग्नल, तोही रात्री नुसता पिवळा मिचकावतो,
आणि हे एक थिएटर. खुर्च्या दोनशे चौदा,
त्यातल्या त्र्याऐंशी बसण्याजोग्या नाहीत;
बसलातच तर लॉर्ना येऊन उठवते.

अक्षरांची पेटी खाली, फुटपाथवर.
वारा असा की सवा फुटाचा एस
हातातून पतंगासारखा ओढ घेतो.
आपली अक्षरं रेघेला धरून लोंबतात,
दोरीवरच्या कपड्यांसारखी, एकमेकांना खेटून.
इथली रेघेवर उभी, सुटी सुटी,
पडलं तर एकटंच पडतं.
पहिल्या हिवाळ्यात हे मला फार लागलं होतं.
आता बोटं बधिर होतात, तेवढंच.

पेटीत ई चारच.
बाकीचे गारपिटीत फुटले.
एम संपला की डब्ल्यू उलटा करायचा,
ओ संपला की शून्य,
आणि लोक वाचतातच, लोकांना वाचायचं असतं.
लॉर्ना हल्टग्रेन म्हणते, सिनेमे अक्षरं मोजून मागवावेत.
एकदा मागवलाही होता.
लोकांनी शिव्या घातल्या.
नाव मात्र पाटीवर काय नेमकं बसलं होतं!

तिकीट सहा डॉलर, त्यातले साडेतीन कंपनीचे.
"आपण सिनेमा दाखवत नाही," ती कढईवर मीठ भुरभुरत सांगते,
"लाह्या विकतो. खाताना बघायला काहीतरी हवं, म्हणून सिनेमा."
गावाच्या चारी बाजूंना मका,
पण तो गुरांचा, आणि गाड्यांच्या टाकीतला.
लाह्यांचा वेगळा, पोत्यांनी विकत येतो.

जानेवारीत बॉयलर गेला.
त्या शुक्रवारी उणे एकवीस, शाळा बंद, हायवे बंद.
लॉर्नाचा नियम असा:
सात वाजून दहापर्यंत एक जरी माणूस आला, तर खेळ होणार.
सात वाजून नऊला व्हर्लिन क्राउझ आला,
बर्फ लोटायचा ट्रक दारात घुरघुरत ठेवून.
मोठ्या लाह्या घेतल्या. मधली खुर्ची घेतली.
नावं संपायच्या आत घोरायला लागला.

मी म्हटलं, बंद करूया का? दिवा केवढ्याला पडतो.
लॉर्नाने माझ्याकडे असं बघितलं,
जशी मी कुणाच्या ताटातली पोळी उचलली.
"तिकीट काढलंय त्यानं."
मग आम्ही दोघी शेवटच्या रांगेत
घोड्याच्या घोंगडीत पाय गुंडाळून
त्याच्या झोपेला लावलेला सिनेमा बघत बसलो,
थेट वायरी उचलणाऱ्याचं नाव येईपर्यंत.
त्याआधी ती दिवे लावत नाही.
कुणासाठीच नाही.

बॉयलरचं कसं जमलं ते सांगत बसत नाही.
शाळेतल्या पोरांनी गाड्या धुतल्या, मार्चमध्ये, वेडी पोरं.
लुथरन चर्चच्या तळघरात सफरचंदाचे दोनशे पाय विकले गेले.
हे मी आईला फोनवर मराठीत सांगितलं.
ती बराच वेळ गप्प होती.
तरी पैसे कमी पडले. अजून कमीच आहेत.
छताचं तर आम्ही नावच काढत नाही.

आजच्या सिनेमाच्या नावात ई पाच.
लॉर्नाने खालून विचारलं, "आता?"
मी तीनचा आकडा घेतला, डोक्यावर उभा केला.
ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली, डोळे बारीक केले,
मान वाकडी केली, मग हात हलवला. चालेल.

पेटी आत ठेवली. गाडी सुरू केली.
मागच्या आरशात पाटी पेटली:
सगळं नाव फिरलेलं, कुठल्यातरी परक्या लिपीतलं,
फक्त तो तीन
तिथे सरळ उभा.
धसकटांचं पहिलं शेत लागेपर्यंत
दिसत होता.