अंगी लागणं

देब्रे ताबोरच्या चढावर बाकल्याचे तीन वाफे.
एक कोरा.
एकाच्या बियाण्याला आम्ही साखरपाण्यात कालवून
चोळली पाकिटातली काळी भुकटी, जिवंत.
तिसऱ्यावर वाढीचा फवारा, आठवड्याआड.

अस्नाकेचनं पाकिटाचा वास घेतला.
"इर्शोच हा," म्हणाली,
"इंजेराच्या पिठात घालतो ते कालचं आंबवण."
मला जिवाणू समजावून सांगायचे होते.
पण तिनं पाकीट शालीखाली धरलं होतं
उन्हाची तिरीप लागू नये म्हणून.
राहू दिलं.

फवाऱ्याचा वाफा गुडघ्याचा कमरेला कधी आला, कळलं नाही.
वाटसरू गाढवांसकट थांबायचे.
तिचा वोर्कू त्यात शिरून मुद्दाम हरवायचा.
फुलं आली, पांढरी, प्रत्येकीला काळी तीट.

मग मी पानं खुडली, शेंड्यापासून चौथी.
पिशव्यांवर पेन्सिलीनं आकडे.
वाळवली, दळली, आम्लात उकळली,
तेव्हा एवढ्या हिरवाईचं
कुपीभर फिकट पाणी झालं.

यंत्राच्या ज्योतीत ते पाणी गेलं.
उंच वाफा: जस्त कमी. लोह कमी.
मी पुन्हा केलं. नव्या कुप्या, नवं आम्ल.
तेच.
झाडानं जमिनीतून ओढलं होतं तेवढंच,
फक्त जास्त अंगावर पुरवलं होतं,
पंगत वाढली की आमटीत पाणी ओततात तसं.

विरजलेला वाफा कोऱ्याहून चार बोटंच उंच.
नत्र चांगलं वर, जस्त जागच्या जागी.
स्फुरद मात्र तिन्हींत तुटपुंजं;
ही तांबडी माती ते मुठीत धरून बसते,
त्यावर आमच्याकडे पाकीट नाही.

गेताहुनसाहेबांनी अहवालात एक जड शब्द लिहिला.
अस्नाकेचला मी एवढंच म्हटलं,
उंची आली, अंगी नाही लागलं.
तिनं वोर्कूकडे पाहिलं. तो यंदा वीतभर वाढलाय.
काही बोलली नाही.

मधल्या वाफ्यातलं एक रोप उपटून
तिनं मुळावरची गाठ नखानं फोडली.
आत गुलाबी, बाळाच्या हिरडीसारखं.

परवा गेले तर त्या वाफ्याच्या कडेला खड्डा.
माती टोपलीत, टोपली तिच्या पाठीवर,
वर ओलं फडकं.
बहिणीच्या शेताला, म्हणाली.
इर्शो मागितला तर नाही म्हणतात का कुणाला?

माझ्या तक्त्यात चौथा रकाना नाही.
मी टोपलीची दुसरी कडी धरली.