दंडाचा डबा

पिवळ्या कार्डाला वीस, लाल कार्डाला शंभर,
पंचाला आईवरून बोललं तर आठवडाभर मैदान झाडायचं –
हनोक सरांचा कायदा.
चिवड्याचा जुना डबा, झाकणाला भोक.

गेल्या साली देवळालीविरुद्ध
फैयाजने शेवटच्या मिनिटाला आडवा पाय घातला.
पेनल्टी बसली, कप गेला,
डबा मात्र गच्च.
त्यातूनच आलं
माझ्या पाठीमागचं हे नवं जाळं.

यंदा कुणी तोंड उघडत नाही.
फैयाज तर पाडलेल्याला हात देऊन उठवतो,
आणि आम्ही सेमीफायनलला.

सातपूरच्या थंडीत सर डबा हलवून बघतात.
एकच नाणं वाजतं –
त्यांचंच, रविवारी लाइनमनवर ओरडल्याचं.

माझे हातमोजे अंगठ्याशी उसवलेत.
मी गप्प आहे.