दुसरा बार

नाना नगर निगमच्या जलप्रदाय विभागात पावत्या फाडायचे,
पण डिसेंबर लागला की शाळाशाळांतून बोलावणं यायचं:
मुळे साहेबांना पाठवा, स्टार्टर पाहिजे.

चिमणबागेच्या मैदानावर चुन्याच्या ओल्या रेघा.
लाल कोट, एक बटण कमी.
उजवा हात वर.
“ऑन युअर मार्क,” ते म्हणत. मग, “सेट.”
तिसरा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही.
तिसऱ्या शब्दाच्या जागी धूर असे.

मी त्यांच्या बाजूला, दोन्ही कानांत बोटं.
आणि माहीत असूनही, दर खेपेला,
सगळं अंग वीतभर उडायचं.
पोरं पळायची. मी दचकायची.
“इतकी वर्षं झाली,” नाना म्हणत,
“अजून सवय नाही होऊन राहिली तुला?”

पुढे खजुरी बाजारात रद्दीच्या भावात
एक जाडा शब्दकोश घेतला. पहिल्या पानावर
कुणी डी. के. शेवगावकर, बी. ए. प्रथम वर्ष, शाईचा डाग.
दुकानात उभ्या उभ्या स्टार्ट काढलं.
निघणे. आरंभणे. हे ठाऊक होतं.
यंत्र चालू करणे: म्हणजे आमची स्कूटर,
जी डाव्या कुशीवर निजवल्याशिवाय होतच नसे.
आणि पार खाली, बारीक टायपात,
दचकणे.

मी हसले. दुकानदारानं वर पाहिलं.
म्हणजे त्या एका बारात
ती सहा पोरं आणि मी
एकच क्रियापद करत होतो.

मग तो शब्द घरात जिथे तिथे सापडू लागला.
ट्यूबलाइटच्या पट्टीत खोचलेली ती पांढरी डबी:
आधी नळीला तीन-चारदा दचकवते,
मग उजेड.
शेजारच्या टिकेकर वहिनींची सून
विरजणालाही स्टार्टर म्हणते.
दूध मात्र दचकत नाही.
त्याला सकाळपर्यंत कळतही नाही.

बाहेरच्या लेनमधली मुलगी बरीच पुढे उभी असते.
पालक दोरीपलीकडून ओरडत, चीटिंग, चीटिंग.
नाना शिटी तोंडातून काढून सांगत:
ते पुढे नाही हो.
वळण तिला मोठं पडणार आहे,
तेवढं आधीच देऊन ठेवलंय.

आणि एखादं पोर बाराआधीच सुटायचं.
मग नाना दुसरा बार उडवत.
तो परत बोलावण्याचा.
मुलं अर्ध्या मैदानातून मान खाली घालून यायची,
ज्यांची चूक नव्हती तीसुद्धा.
नाना वहीत नाव लिहीत नसत.
लेन चार. एक. एवढंच.

मीही एकदा बाराआधी सुटले.
देवास, सात महिने.
नळाला एकाआड एक दिवस पाणी,
आणि एक माणूस, ज्याच्याबद्दल
अजूनही वाईट बोलवत नाही.
सरवट्याला उतरले. रिक्षा केली नाही.
पेटी या हातातून त्या हातात घेत रामबागेपर्यंत चालत.
नाना ओट्यावर बसून पिस्तूल पुसत होते.
मी पायरीवरच थांबले, कानांत बोटं घालायला
हात मोकळे नव्हते.

दुसरा बार झाला नाही.
फडकं घडी करून बाजूला ठेवलं, आणि
लेनचा आकडा विचारावा तसं म्हणाले,
“जेवलीस?”

आता त्यांचा उजवा कान पुरता गेलाय.
लाल कोट गोदरेजच्या कपाटात, डांबरगोळ्यांसकट.
दुपारी झोपेत एकदम उडतात,
उजवा हात वर जातो, तिथेच राहतो.
मी डाव्या बाजूला जाऊन हात खाली घेते.
“काही नाही, नाना. काही नाही.”

डोळे उघडतात. छताकडे बघत विचारतात,
“सुटले का सगळे?”

“हो,” मी म्हणते.
“लेन चारसुद्धा.”