जागा

पहिल्या ठिकाणाहून चार मिनिटांत उलटा फोन आला.
बाईचा आवाज लोणी फासल्यासारखा:
फ्लोरिडा, समोर समुद्र, विमानाचं तिकीट आमच्याकडून,
फक्त कार्डचा नंबर सांगा.
मी म्हटलं, बाई, माझी मुलगी समुद्र बघायला चालली नाहीये.
सकाळी उठून तिला दात घासता आले पाहिजेत.
ती म्हणाली, आमच्याकडे घोडेही आहेत.

घोडे.
माझे पणजोबा वेल्सहून ओहायोच्या या टेकड्यांत आले,
खाणीतल्या घोड्याची शेपटी धरून अंधारात चालायचे.
घोड्यामुळे घरात कुणाची दारू सुटल्याचं
ऐकिवात नाही.

विमा कंपनीने छत्तीस मिनिटं बासरी ऐकवली.
मग एक पोरगा, कॅरिसच्याच वयाचा असेल,
म्हणाला, चौदा दिवस मंजूर, पुढचं पुढे.
विचारलं, हात मोडला तर प्लास्टर अर्धंच घालता का?
हसला नाही. त्यांचं बोलणं रेकॉर्ड होतं.

काउंटीच्या दवाखान्यातल्या ओडेसा नर्सने
किराणाच्या पावतीमागे लिहून दिलं:
गोळ्या चालू ठेवतात का.
रात्री डॉक्टर असतो का.
बाहेर पडल्यावर कोण.
घोड्यांचं विचारू नका, म्हणाली,
मी तिला काही सांगितलेलं नसताना.

म्हणून नव्वद मैल गाडी हाकत स्वतः बघायला गेलो.
जुनी शाळा. जिन्यात कांदा परतल्याचा वास.
फरशी पुसणारी बाई म्हणाली, जपून, ओलं आहे,
आणि मग, मी न विचारता,
मी इथलीच, तीन वर्षं झाली.
माहितीपत्रकात तिचा फोटो नव्हता.
जागा आहे का, विचारलं.
गुरुवारी एक होईल. आधी सहा हजार चारशे भरा.

मी सोडली ती फुकटात.
चर्चचं तळघर, लोखंडी खुर्च्या, करपलेली कॉफी.
वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो,
मनात आणलं की सुटते, पैसा लागत नाही.
पैसे नेरिसने भरले होते.
मला बिल आलं नाही, इतकंच.

ट्रक विकला, वेल्डिंगचं मशीन विकलं,
तरी दोन हजार कमी पडत होते.
मग मिस टॅकेटकडे गेलो, दफनभूमीच्या कचेरीत.
अठ्ठ्याऐंशी साली नऊशे डॉलरला जोडीने घेतलेल्या दोन जागा,
मेपलखाली, शेजारी शेजारी.
एकीत नेरिस आहे.
दुसरी परत घ्याल का?
मिस टॅकेटने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
प्रोबर्ट, मग तू कुठे जाणार?
म्हटलं, सध्या तरी कुठेच नाही.
चेक बावीसशेचा निघाला.
जमिनीचे भाव वाढलेत म्हणे, मेलेल्यांसाठीही.

नेरिसला सांगायला गेलो नाही.
ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे
आणि ते शब्द थडग्यापाशी बोलण्यासारखे नाहीत.

गुरुवारी कॅरिस वाटभर खिडकीकडे तोंड करून बसली.
एकदाच म्हणाली, बाबा, मागच्या वेळीही तुम्ही असेच निघाला होतात.
तेव्हा कर्ज काढलं होतं. अकराव्या दिवशी
ती पेट्रोल पंपावर सापडली, अनवाणी.
मी म्हटलं, हो.
दुसरं काय म्हणणार? हो.

दारात तिची बॅग उपसली.
बुटांच्या नाड्या ठेवल्या, माउथवॉशची बाटली परत दिली.
त्यात अल्कोहोल असतं.
मला ठाऊक होतं. तिलाही.
आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि बऱ्याच दिवसांनी, चोरट्यासारखे, हसलो.

आता रात्रीचे पावणेतीन. पहिला आठवडा फोन बंद.
हिरवी बाटली शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या गाडीतच राहिलीय,
सकाळी किल्ली द्यायच्या आधी ओतून टाकायला हवी.
मी जागा आहे.
नव्वद मैलांवर एका जुन्या वर्गात
तीही जागी असेल.