बद्द

रोज चार बोटं. त्याहून जास्त नाही.
मातीची वळी वळीवर बसवायची,
आतून अंगठ्याने दाबायची, बाहेरून थोपटायची,
आणि हात धुऊन घरी जायचं.
उरलेला दिवस मातीचा.

घाई केलीस तर, ओतिया म्हणायचा,
रांजण खांद्यात खचतो.
तुझ्यासारखा.

इमेरेतीच्या या डोंगरांत
माणसाहून उंच रांजण जमिनीत पुरतात,
बाहेर गळ्यापर्यंत माती, आत द्राक्षांचा रस.
एकदा पुरला की त्याची पाठ
नातवंडांनाही दिसत नाही.
तरी ओतिया ती पाठ ओल्या फडक्याने पुसत बसे,
न्हाऊ घातलेल्या पोराची पुसावी तशी.
पहिल्या वर्षी मी हसलो होतो.
"कुणाला दाखवायचीय? गांडुळांना?"
"मी पाहिलीय ना," तो म्हणाला.

भट्टी सात दिवस. मग टिचकी.
कुताइसीचा व्यापारी नोटा मोजत उभा
आणि हा कान लावून म्हणे, हा नाही देणार.
चीर नाही, गळत नाही, मग का?
"बद्द वाजतो."
आम्हा कुणालाच बद्द ऐकू आलं नाही.
तो रांजण अजून अंगणात आडवा आहे,
एतेरी त्यात सरपण ठेवते.

आता ओतियाला ऐकू येत नाही.
आणि यंदा पहिल्यांदाच
तळापासून गळ्यापर्यंत रांजण माझा.
मी टिचकी मारली.
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
"छान!" मी ओरडून सांगितलं, हातानेही सांगितलं.
तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.
टोपी घातली आणि गेला.

रात्री कंदील घेऊन परत आलो.
भट्टीकडच्या अंगाने खणखणीत.
पलीकडून, कमरेच्या जरा खाली,
जिथे एका शनिवारी
लग्नाला जायचं म्हणून
आठ बोटं चढवली होती

टिचकी.
पुन्हा टिचकी.

व्यापाऱ्याला कळलं नसतं.
ओतियाला तर कळणारच नव्हतं.
कुत्रा भुंकायचा थांबला होता.

सकाळी चौघांनी मिळून तो अंगणात आडवा केला.
यात काय ठेवू, एतेरीने विचारलं.
कोंबड्या, मी म्हणालो.
ओतिया दारात होता. त्याने पाव मोडला,
मोठा तुकडा माझ्या हातात दिला,
मीठ पुढे सरकवलं,
आणि विचारलं,
माती भिजत घातलीस का?