नऊ इंच

राणीपेठेच्या वेशीखाली
सकाळी पावणेसातला मी टेप धरून उभा.
दुसरं टोक भिवाजी कुळमेथेच्या हाती.
पुरातत्त्वचा रोजंदारी चौकीदार,
अंगात खाकी,
पायात पोराचे खाणीतले बूट, दोन नंबर मोठे.

कमानीचा माथा : तेरा फूट एक.
भरलेला ट्रक, ताडपत्रीसकट : तेरा फूट दहा.
नऊ इंच.
वहीत लिहून खाली रेघ मारली.

कोटेवार साहेब म्हणाले होते,
दगडांना नंबर टाका, उतरवू,
बागेत जशीच्या तशी उभी करू.
पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा
महिनाभर माझ्या डिकीत खडखडतोय.
आज झाकण उघडलं,
पण एक नंबरच्या दगडावर निघाला
हत्तीच्या पाठीवर चढलेला सिंह,
जबड्यात कोळशाची भुकटी,
आणि ब्रश कुठे टेकवावा ते कळेना.

बावीस वर्षं मी या गावाचे नकाशे काढतोय.
माझा एकही रस्ता
तिच्या रस्त्याइतका सरळ आला नाही.
कुण्या राणीने म्हणे चांदण्यात दोरी ताणून पेठा आखल्या,
प्रत्येक घराच्या पाठीला गल्ली,
प्रत्येक गल्लीचा उतार तलावाकडे.
नगर परिषदेची नाली बाजार चौकात तुंबते.
तिथून शंभर पावलांवर तिची नाली
अजून वाहते, कुणाला न विचारता.

तरी ट्रक नकोत असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?
पुष्पलता खाणीच्या कँटीनला चाळीस डबे देते,
मुलीची फी त्या डब्यांतून जाते.
कुळमेथेचा सोमेश्वर डंपर चालवतो.
बंद पडलेल्या जिनिंगच्या भिंतीला टेकून
पत्ते पिसणारी पोरं
आता आठ तासांची झोप मोजून घेतात.

"कोट बांधाच्या वेळेस बी एक गाव उठलं होतं जी,"
कुळमेथे सहज म्हणाला.
"कुणाचं?"
"आमचंच."
बुरुजाच्या मागे शेंदूर फासलेला गोटा दाखवला,
राणीच्या नकाशात नसलेला.
माझ्याही.

मग त्याने टेपकडे पाहिलं,
बुटाने रस्ता ठोकला.
"साहेब, हा टेप जमिनीले टेकलाच नाही.
हे जमीन नोहे. डांबर होय."

पहार आणली त्याने.
वरचा थर गेल्या निवडणुकीचा,
त्याखालचा मंत्री येणार होते तेव्हाचा
(आले नाहीत),
मग खडी, मग माझ्याच सहीचा एक थर,
बिल मंजूर, जाडी दोन इंच,
मोजली तर भरली सव्वा.
मग मुरूम, बांगडीचा तुकडा, बैलाची नाल.
दुपारी पहार खणकन वाजली.

उंबरठ्याचा दगड.
त्यावर गाड्यांच्या चाकांनी कोरलेल्या दोन चाकोऱ्या,
हाताचा तळवा मावेल एवढ्या खोल.

टेप पुन्हा धरला.
चौदा फूट दोन.

कमान कधी ठेंगणी नव्हतीच.
आम्हीच दरसाल थोडे थोडे
वर चढत आलो होतो.

आता ट्रक जाईल, वर चार इंच ठेवून.
दिवसाला तीनशे.
चार इंचांत वारा मावतो, पारव्याचं पीस मावतं,
तीनशे ट्रकांचा हादरा मावतो का
ते कोणत्या टेपने मोजू?

अभिप्रायाचा रकाना कोरा होता.
"काय लिहू?" मी विचारलं.
"जे भेटलं थे लिहा ना जी."

तेवढ्यात तीनचा बार उडाला.
चहाच्या टपरीवरचे ग्लास एकमेकांना लागले,
सिंहाच्या जबड्यातून चिमूटभर काळं
खाली चाकोरीत पडलं.
कुळमेथेने खांद्यावरचा दुपट्टा काढला,
वाकून दगड पुसला,
आणि बूट हातात घेऊन
अनवाणी पलीकडे गेला.